अव्वाचं पाणी

कुंडलच्या फाट्यावर वडापच्या जीपवाल्यानं मला उतरवलं तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. फाट्यापासून आमचा मळा तसा लांब नाही, पण हे दिवस ऊसतोडीचे. मागच्या खेपेला जिथं दोन्ही अंगांनी ऊस उभा होता तिथं आज मोकळं रान दिसतं, आणि जन्मापासूनची वाट असूनही क्षणभर आपण दुसऱ्याच्याच शिवारात आलो की काय असं वाटतं. पाचट पेटवल्याचा वास होता. कुठंतरी हळद शिजत होती, तिचाही होता. एका हातात रिकामा कॅन, खांद्याला पिशवी, अशा थाटात मी दर रविवारी इथून जाते आणि तोडकरी बायका माझ्याकडं बघून आपसात काहीबाही बोलतात. बोलोत बापड्या. नळाच्या गावाला विहिरीचं पाणी घेऊन जाणारी बाई त्यांनी तरी कुठं बघितली असणार.

काम साधं आहे. कऱ्हाडहून यायचं, मळ्यातल्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरायचं आणि पुढच्या गाडीनं सांगलीला, दादाच्या फ्लॅटवर, अव्वाला नेऊन द्यायचं. अव्वा म्हणजे आमची आई. कर्नाटकातल्या अथणीकडून लग्न होऊन ती इकडं आली, आणि तिकडच्या जैन घरांतला हा शब्दही तिच्याबरोबर आला. सांगलीला गेल्यापासून ती पाणी पीत नाही. म्हणजे पिते, ओठ ओले करण्यापुरतं. त्यापायी दवाखाना झाला, सलाईन झालं. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं की या वयात मूत्रपिंडं असला उपास फार दिवस सोसणार नाहीत. तेव्हापासून आम्हा बहीणभावाला एकच घोर लागला, अव्वानं पोटभर पाणी प्यावं.

घराला कुलूप आहे. अंगणात शेजारच्या म्हादूतात्यांच्या हळदीचा पाला पसरलेला होता. तात्या पलटणीतून पेन्शनीत आलेले, आमचं रान आता तेच वाट्यानं करतात. मला बघून ते बांधावरूनच म्हणाले, "आवं ताई, आज बिगीनं आलासा? वयनी कशा हायती?"

"अव्वा बरी आहे."

"पाणी पित्यात का?"

"आपलं असलं की पिते थोडं."

"मग न्या की भरून. पाणी बंद म्हंजी रसद बंद बगा. मानूस टिकत न्हाई." एवढं बोलून ते पुन्हा कामाला लागले. दर रविवारी ते हेच विचारतात आणि मी हेच सांगते. आज मात्र 'थोडं' म्हणताना माझाच आवाज मला नीट वाटला नाही.

विहीर बांधीव आहे. घडीव दगडाच्या पायऱ्या अर्ध्यापर्यंत उतरतात आणि तिथून पुढं नुसतं हिरवं पाणी. दगडांच्या फटींत पारवे राहतात. वर उभं राहिलं की त्यांचं घुमणं खालून येतं आणि पाण्याचा गारवा तोंडावर येतो, त्याला शेवाळाचा, ओल्या दगडाचा आणि थोडासा लोखंडाचा वास असतो. हा वास आला की मी कितीही मोठी झालेली असले तरी माझं वय कमी होतं.

आमचा दिवस या विहिरीवर सुरू व्हायचा. उजाडलं की रहाटाची करकर ऐकू यायची. आप्पा, आमचे वडील, रोज म्हणायचे की आज तेल घालतो, आणि त्यांचं तेल घालणं त्यांच्या हयातीत काही झालं नाही. त्या करकरीनं आम्ही जागे व्हायचो. अव्वा तोवर अंघोळ करून, ओल्या केसांना पंचा गुंडाळून पाणी शेंदत असायची. घागरीच्या तोंडावर मांजरपाटाचं जाड फडकं दुहेरी घडी करून टाकलेलं असायचं. नवं कापड बाजारातून आणलं की आधी ती ते उन्हाला धरायची. पलीकडचा सूर्य दिसला तर कापड नापास. दुकानदाराला हे ठाऊक होतं, म्हणून अव्वाला बघितलं की तो मुकाट्यानं सगळ्यात खालचा गठ्ठा काढायचा.

पाणी गाळून प्यायचं, एवढं तर पुष्कळ लोक करतात. आमच्याकडं खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं. घागर भरली की अव्वा ते फडकं उलटं करून एका लहान पितळी बादलीवर धरायची आणि गाळलेल्याच पाण्याची धार सोडून हलक्या हातानं धुवायची. फडक्यात अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव त्या पाण्यात उतरतात. त्या पाण्याला जिवाणी म्हणतात. ही जिवाणी जिथून पाणी घेतलं तिथंच परत सोडायची, त्याच विहिरीत. वरून ओतायची नाही, इतक्या उंचीवरून पडून जीव जगतील कसे? त्या बादलीच्या बुडाला एक कडी होती, तिला वेगळी दोरी बांधलेली. बादली सरळ, सावकाश खाली सोडायची, पाण्याला टेकली की त्या दोरीला बारीकसा हिसका द्यायचा, की ती अलगद पालथी व्हायची. खाली एक छोटा, पोकळ आवाज यायचा. तो आला की अव्वा हात जोडायची, आणि मगच घरातलं पहिलं भांडं पाणी कुणाच्या तरी तोंडाला लागायचं.

मी लहानपणापासून शंकेखोर. एकदा मी बादलीत तोंड घालून बराच वेळ बघितलं आणि जाहीर केलं की आत कुणीसुद्धा नाही. अव्वा म्हणाली, "दिसत न्हाईत म्हून न्हाईत व्हय? तुजा मामा अथनीला ऱ्हातो. दिसतो का हितनं?"

"मामाचं पत्र येतं."

"येतंय न्हवं? मग गप ऱ्हा."

यातून काय सिद्ध झालं ते मला आजही कळलेलं नाही. जिवाणी परत का सोडायची हे ती सांगायची तेव्हा मात्र तिचा सूर वेगळा असायचा. "आपुन पाणी मागून घेतलंया. त्यातलं जीव न्हाई मागितलं. ज्येचं घर त्येला द्याचं." ती हे एखादी उसनी वाटी परत करावी इतक्या सहज म्हणायची.

मी स्वतः यातलं काही पाळत नाही. कऱ्हाडच्या स्टँडवरच्या माठातलं पाणीही मी घटाघटा पिते. पण गाळल्यावर ओल्या झालेल्या त्या मांजरपाटाचा वास, सकाळच्या उन्हात तारेवर त्याचं फडफडणं आणि त्याच्या चार कोपऱ्यांना पडलेले पिवळट डाग हे सगळं माझ्यात असं बसलंय की कुठल्याही धर्मापेक्षा ते जुनं असावं.

घरामागं परसबाग होती. आता तिथं गाजरगवत माजलंय. तेव्हा त्या जागेला घरातलं सगळं पाणी जायचं, आणि कुठलं पाणी कुठं जायचं हे ठरलेलं असायचं. मोरीचं पाणी केळींना. भांड्यांचं राखेचं पाणी दोडक्याच्या वेलाला. तांदळाचं धुवण आणि उरलंसुरलं ताक कडीपत्त्याला, म्हणून आमच्या कडीपत्त्याचा वास रस्त्यापर्यंत यायचा. घोसाळी, काटेरी वांगी, पावट्याचा वेल, कुंपणाला अबोली, शेवग्याचं झाड. दिवस बुडायला आला की जेवणं उरकायची, कारण अंधार पडल्यावर आमच्या घरात कुणी खात नसे. त्यानंतर झाडाचं पानही तोडायचं नाही. झाडं झोपली, असं अव्वा म्हणायची आणि अबोलीशेजारून जाताना खरंच आवाज खाली आणायची.

पावसाळ्यातली एक गंमत आठवते. चातुर्मासात आमच्याकडं पालेभाजी बंद, पानांवर जीव असतात म्हणून. आणि पालेभाजीला हे कुणी सांगितलेलं नसायचं. माठ, चाकवत, अळू अशी काही फोफावायची की बघवत नसे. मग म्हादूतात्यांची आई टोपली घेऊन यायची आणि अव्वा तिला पदर भरभरून भाजी द्यायची. संध्याकाळी त्यांच्या घरून लसणाच्या फोडणीचा वास आमच्या अंगणात यायचा. आम्ही दोघं भावंडं डाळभाताचं ताट पुढ्यात घेऊन तो वास तोंडी लावायचो. अव्वाला हे ठाऊक होतं. त्या दिवशी भातावर तूप जास्त पडायचं.

शाळा गावात होती, आणि मधे ओढा. ओढ्याला पाणी आलं की शाळा बंद, आमच्यापुरती. मग अव्वाची शाळा भरायची. तिचं स्वतःचं शिक्षण चार यत्ता, तेही कानडीत. पाढे ती कानडीतून म्हणायची, बादल्या मोजताना आजही माझ्या तोंडात आधी ओंदु, एरडु, मूरु येतं. मराठी अक्षरं ती दादाच्या पहिलीच्या पुस्तकावरून, दादाला शिकवता शिकवता शिकली. विहिरीच्या काठावर धुण्याचा मोठा काळा दगड आहे. पावसानं उघडीप दिली की तो तापायचा. अव्वा तांब्यात बोट बुडवून त्या दगडावर शब्द लिहायची आणि तो वाळून जायच्या आत आम्ही वाचायचा. उन्हाचा जोर असला तर पहिलं अक्षर उडून जायचं आणि शब्दाचं शेपूट तेवढं उरायचं. दादा हुशार, तो सुरुवातीवरूनच ओळखायचा. मी नेहमी शेवटचं अक्षर वाचत राहायची. पाटी नव्हती असं नाही, पाटी होती. पण पाटीवरचं कुणालाच आठवत नाही, या दगडावरचं सगळं आठवतं. आणि हो, लिहायचं पाणीसुद्धा गाळलेलं असायचं. दगडावर सांडायचं असलं तरी.

आजारपणातही तिचा भरवसा पाण्यावरच होता. खोकल्याला अडुळसा, पोटाला ओवा, तापाला गवती चहा, हे सगळं परसातून यायचं, पण ते नंतर. ताप चढला की आधी ती उशाशी तांब्या घेऊन बसायची आणि चमच्यानं पाणी पाजत राहायची. एक चमचा, मग थांबायचं, मग एक चमचा. कपाळावर तिचा ओला हात, रॉकेलच्या चिमणीचा वास, बाहेर बेडकं. "पी गं माजे बाय. बग त्वांड कसं सुकलंया." मी नको नको म्हणून मान फिरवायची आणि चमचा मानेबरोबर फिरायचा. गेल्या वर्षी सांगलीच्या दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसून हेच वाक्य म्हणाले, आणि तिनं मान फिरवली.

एक उन्हाळा मावशीचा. अव्वाची ही थोरली बहीण, अथणीहून आमच्याकडं राहायला आली होती. तिचा तेव्हा नेम चालू होता, स्वतःच्या विहिरीशिवाय दुसरं पाणी प्यायचं नाही. म्हणून एसटीतून पाण्यानं भरलेली आपली पितळी घागर मांडीवर घेऊन आली. रोज ती त्यातलं थोडं पाणी गाळायची आणि त्याची जिवाणी एका तांब्यात जपून ठेवायची, परत जाताना न्यायला. एके सकाळी गप्पांच्या भरात तिचा हात सवयीनं चालला. तिनं आपल्या तांब्यातली जिवाणी आमच्या बादलीत ओतली, बादली खाली सोडली आणि हिसका दिला. खालून आवाज आला, तेव्हा तिच्या लक्षात आलं.

मावशी तिथंच मटकन बसली. अथणीचे जीव कुंडलच्या विहिरीत. परक्या पाण्यात, परक्या जिवांत. ते आता जगतात की मरतात कुणाला ठाऊक, आणि काढून तरी कसे आणायचे? ती तोंडाला पदर लावून रडायला लागली. अव्वाचाही चेहरा उतरला. आप्पा तेवढ्यात उसाला दारे धरून आले. काय झालं ते ऐकून घेतलं, विहिरीत वाकून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "व्हईल की सगळं बरोबर. आदी त्यास्नी मराटी शिकवाय पायजे."

मावशी रडता रडता हसली. दोन दिवस उपास मात्र तिनं केलाच. त्या संध्याकाळी अव्वा आणि मी केळींना पाणी घालत होतो, तेव्हा ती मधेच म्हणाली, "मी बी तशीच आले की गं. शिकले मराटी." आणि पुढच्या केळीकडं गेली. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही.

मग ते सगळं गेलं. कसं गेलं ते सांगत बसत नाही, सगळ्यांचं जातं तसंच. आप्पा गेले, दादाची मुलं सांगलीत शिकायला लागली, आणि एका दिवाळीनंतर घराला कुलूप लागलं. अव्वानं बरोबर काय घेतलं? कपड्यांची ट्रंक, देव, मांजरपाटाची फडकी आणि ती पितळी बादली. बादली कशाला, असं दादा म्हणाला नाही. तो शहाणा आहे.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या सकाळी अव्वानं नळाखाली घागर लावली, फडकं टाकलं, पाणी गाळलं, जिवाणी काढली आणि बादली हातात घेऊन दादाला विचारलं, "हे कुठलं पाणी?"

"नदीचं, अव्वा. कृष्णेचं."

"मग नदीला चल."

दादानं नेलं. बिचाऱ्यानं पुष्कळ दिवस नेलं, ऑफिसला जायच्या आधी स्कूटरवर मागं बसवून घाटावर. ती पायऱ्या उतरायची, पाण्याला बादली टेकवायची, हात जोडायची. पुढं तिचे गुडघे गेले. दादा म्हणाला, मी एकटा जाऊन सोडून येतो. त्यालाही ती कबूल झाली, पण तिच्या मनात एक किडा शिरला होता. एक दिवस तिनं मला विचारलं, "आगं, नदीतनं टाकीत येतंय, टाकीतनं नळात. मदी औशिद घालत्यात म्हनं. मग नदीत सोडून त्येंचं घर घावतंय व्हय त्यास्नी?" औषध घातल्यावर आत कुणी जिवंतच उरत नाही, हे उत्तर होतं, पण ते तिला कोण देणार?

तिनं तिचं उत्तर शोधलं. जेवढं कमी प्यावं तेवढं कमी गाळावं लागतं, आणि तेवढेच कमी जीव घराला मुकतात. हे ती कुणाला बोलली नाही. हळूहळू तिचा पेला अर्ध्यावर आला, मग तळाशी. ओठ फुटले, बोलताना जीभ टाळ्याला चिकटायची. वहिनी काकुळतीला यायची. सरबत कर, ताक कर, पेज कर. अव्वा सगळ्याला गोड हसायची आणि दोन घोट घ्यायची. त्यात ती वहिनीला दुखवायची नाही आणि स्वतःलाही वाचवायची नाही.

सलाईन लावून घरी आली त्या दिवशी मी कॅनची कल्पना काढली. मळ्यातलं पाणी आणते. त्याची जिवाणी तांब्यात साठव. दर रविवारी परत जाताना मी फाट्यावर उतरून विहिरीत सोडून येते, बादलीनं, हिसका देऊन, तुझ्यासारखं. अव्वानं तांब्या उचलून आत बघितलं. मग म्हणाली, "आटवडाभर तांब्यात ऱ्हात्यात का गं जित्ते?"

"राहतात."

"तुला कसं कळलं?"

"मामाचं पत्र आलं."

ती हसली. खूप दिवसांनी हसली, आणि पुढच्या रविवारी मी नेलेलं पाणी तिनं पेलाभर पिऊन टाकलं.

तेव्हापासूनचे माझे रविवार असे गेले. पिशवीत ती पितळी बादली ठेवून एसटीत मांडीवर जिवाणीचा तांब्या घेऊन बसायचं, धक्का बसला की तळहात त्याच्या तोंडावर ठेवायचा. एकदा कंडक्टरनं विचारलं, "मावशी, तीर्थ हाय का?" मी व्हय म्हटलं. अव्वा दर खेपेला मळ्याची चौकशी करायची. शेवग्याला फुलं आलीत का, पारव्यांनी पिल्लं काढलीत का. परसात काही उरलेलं नाही हे मी सांगितलं नाही. मी तिला चाकवत सांगायची, घोसाळी सांगायची. ती ऐकता ऐकता पाणी प्यायची, आणि मला दुसरं काही नकोच होतं.

गेल्या दिवाळीपासून ती थोडी हरवायला लागली. एकदा मला मावशीच्या नावानं हाक मारली. आप्पा अजून रानातून आले नाहीत म्हणून दारात उभी राहिली. वहिनीशी दिवसभर कानडीत बोलली आणि वहिनी दिवसभर हो म्हणत राहिली. पण पाण्याच्या बाबतीत हात चुकत नव्हता. नाव, दिवस, घर, सगळं निसटलं तरी फडक्याची घडी दुहेरीच पडायची. पिणं मात्र पुन्हा आटत चाललं होतं. विहिरीचं पाणी असलं तरी दोन घोटांनी ती पेला खाली ठेवायची आणि कशाची तरी वाट बघत बसायची. मागच्या रविवारी मी कॅन नेला तर आधीच्या कॅनमध्ये अर्ध्याहून जास्त पाणी शिल्लक होतं. दादा जिन्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "असंच चाललं तर पुन्हा अॅडमिट करावं लागेल. या खेपेला निभावेल का ते डॉक्टर सांगत नाहीत." आज सकाळी म्हादूतात्यांशी बोलताना हेच माझ्या डोक्यात होतं. विहिरीवर मी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिले आणि न पाळणाऱ्या माणसानं मागावं तसं, कुणाकडं ते न ठरवता, मागितलं की तिला पाणी पिऊ दे.

सांगलीला पोचले तेव्हा दुपार झाली होती. वहिनीनं दार उघडलं ती हसतच.

"ताई, आधी आत या. आई पाणी पितात."

"म्हणजे?"

"स्वतःहून मागून पितात. परवापासून. यांना तर खरंच वाटेना. काल डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले आता काळजी सोडा."

दादा आतून आला. त्याचे डोळे भरलेले होते. "सुटलो गं," एवढंच म्हणाला आणि माझ्या हातातला कॅन घेतला. माझ्या अंगातलं कितीतरी दिवसांचं ओझं उतरलं. मी चप्पलसुद्धा न काढता स्वयंपाकघरात गेले.

अव्वा खिडकीजवळ खुर्चीत बसली होती. खरंच टवटवीत दिसत होती. ओठ भरून आले होते, डोळ्यांत पाणी होतं, जिवंत माणसाच्या डोळ्यांत असतं तेवढं. मला बघून ती हसली, पाहुण्याला बघून हसावं तसं. मी तिच्या गालाला हात लावला, मग नेहमीप्रमाणे घागर पुढं ओढली, कॅनचं झाकण काढलं, घागरीवर फडकं टाकलं आणि ओतायला लागले. इतक्या रविवारांत एकदाही असं झालं नव्हतं की मी फडकं टाकलं आणि तिनं उठून घडी तपासली नाही. माझी घडी तिला कधी पसंत पडायची नाही. आज मी वाट बघितली.

"काय करतीयास?" ती म्हणाली.

"पाणी गाळते, अव्वा."

"का?"

ती चेष्टा करत नव्हती. तिला खरोखर ठाऊक नव्हतं. मी कॅन ओट्यावर ठेवला. ती उठली, ओट्याला धरत धरत नळापाशी गेली, तिथला स्टीलचा पेला नळाखाली धरला आणि भरल्या भरल्या तोंडाला लावला. घटाघटा प्यायली. पाणी हनुवटीवरून लुगड्यावर ओघळत होतं. दादा दारात उभा होता, त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"बघा ताई," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात इतका आनंद होता की मी मान हलवली. मलाही आनंद झाला होता, तो खोटा नव्हता. मी जे मागितलं होतं ते मिळालं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते वहिनीला आनंदाचंच वाटलं असावं, कारण तिनंही पदरानं डोळे टिपले.

अव्वानं रिकामा पेला माझ्यापुढं केला. "आजून दे," म्हणाली.

मी नळ सोडला, पेला काठोकाठ भरला आणि तिच्या हातात दिला.